जुन्या जीपचे पेट्रोलने खराब झालेले सीट : दुरुस्ती व दक्षता

विलीज जीप १९४७ साली महिंद्राने भारतीय रस्त्यांवर आणली. या बनावटीच्या जुन्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखालीच असते. त्यामुळे टाकी किंवा जोड गळू लागला, की गादी लवकर खराब होते.

पेट्रोलमुळे फोम फुगतो, चिकटवलेले भाग सुटतात. रेक्झिन कडक होऊन तडकते. फोम वरून कोरडा दिसला तरी आतून वाफ सोडत राहतो. ही वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेटते. म्हणून धाराशिव जिल्ह्यातील जुनी जीप बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंनी पुढील क्रमानेच काम करावे.

१) बॅटरीची तार सोडावी. सीट गोठा, कडब्याची गंज व चुलीपासून दूर, मोकळ्या हवेत काढावे. विडी ओढू नये.

२) आधी गळती थांबवावी. रिकाम्या टाकीतही वाफ असते. तिला घरी वेल्डिंग करू नये. ते काम जाणकार कारागिराकडेच द्यावे.

३) भिजलेला फोम वाळवून पुन्हा वापरू नये, जाळू नये, विहिरीजवळ टाकू नये. फाटके रेक्झिन मापासाठी जपावे.

४) लोखंडी सांगाडा साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावा. वास पूर्ण गेल्यावर हाताने गंज घासून रेड ऑक्साइड लावावे.

५) रंग वाळल्यावर नवा फोम व रेक्झिन बसवावे.

गळती तशीच ठेवून गादी बदलल्यास खर्च वाया जातो आणि आगीचा धोका कायम राहतो.