निवृत्त पोलिसाची दुसरी नोकरी आणि पेन्शन

वसई तालुक्यांतील वटार हें गांव नकाशावर लहान दिसतें. परंतु त्याच्या भोंवतालची वस्ती आतां लहान राहिलेली नाहीं. 2011 च्या शिरगणतींत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती. 2014 च्या ऑगस्टमध्यें हा भाग नव्या पालघर जिल्ह्यांत आला, आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून मीरा-भाईंदर व वसई-विरार यांसाठीं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालें. वस्ती वाढली कीं पोलिसांचें काम वाढतें, आणि काम वाढलें कीं अनुभवी माणसांची आठवण होते. अशा वेळीं वटारसारख्या गांवांतील एखाद्या सेवानिवृत्त हवालदारास पुन्हां कामावर येण्याविषयीं विचारणा झाली, तर घरांत पहिला प्रश्न निघतो तो हाच कीं, पगार सुरू झाल्यावर पेन्शनचें काय होणार? त्याचाच आज विचार करूं.

प्रथम पेन्शन म्हणजे काय, तें पाहूं. 1802 सालीं वसईच्या तहानें दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास गेला. 1818 मध्यें राज्य गेल्यावर त्यास वर्षाला 8 लाख रुपयांचें पेन्शन मिळालें. पण 1851 मध्यें तो वारला, तेव्हां कंपनीनें तें नानासाहेबांस नाकारलें. तें पेन्शन देणाऱ्याच्या मर्जीचें होतें. आजचें सरकारी निवृत्तिवेतन तसें नव्हे. डी. एस. नाकारा यांच्या खटल्यांत 17 डिसेंबर 1982 रोजीं सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालीं 5 न्यायमूर्तींनीं असा निर्णय दिला कीं, पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे. पूर्वीं केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे.

असें असतां नवा पगार मिळूं लागला म्हणून जुन्या मोबदल्यास कात्री कां लागावी, असें कोणीही विचारील. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, निवृत्ति ही काम थांबल्याबद्दल आहे. एकाच तिजोरींतून एकाच माणसास पेन्शन व पूर्ण पगार दोन्ही द्यावयाचे, तर तो भार करदात्यांवर पडतो. हा वाद सगळीकडे आहे. इंग्लंडांत पोलीस दलांत परतलेल्या माणसाचें पेन्शनच कमी करण्याचा अधिकार नियमांनीं दिलेला आहे. न्यूयॉर्क राज्यानें 65 वर्षांखालील निवृत्त नोकरांसाठीं 2020 पासून वर्षाला 35,000 डॉलरची मर्यादा ठरविली. विशेष परवानगीवांचून सरकारी नोकरींत त्याहून अधिक मिळविल्यास पेन्शन थांबतें.

आपल्याकडील मार्ग निराळा आहे. केंद्र सरकारच्या 1986 च्या आदेशांप्रमाणें पेन्शनला हात लावावयाचा नाहीं. नवा पगार ठरवितांना तें वजा करावयाचें. समजा, शेवटचा पगार 60,000 रुपये होता व पेन्शन त्याच्या निम्में, म्हणजे 30,000 आहे. तर पुनर्नियुक्तींत पगार 30,000 ठरतो, आणि दोन्ही मिळून पूर्वीचे 60,000 होतात. येथें एक खांच आहे. पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंत भाग विकून एकरकमी पैसे घेतां येतात, व तो भाग 15 वर्षांनीं पुन्हां सुरू होतो. परंतु वजाबाकी होते ती विक्रीपूर्वींच्या पूर्ण पेन्शनची. ज्यानें 12,000 विकले, त्याच्या हातीं 18,000 पेन्शन व 30,000 पगार, असे 48,000 च पडतात. शिवाय पुनर्नियुक्तीच्या काळांत पेन्शनवरील महागाईची वाढ बहुधा थांबते.

माजी सैनिकाची गोष्ट वेगळी आहे. जवान 15 वर्षांच्या नोकरीनंतर, ऐन उमेदीच्या वयांत, पेन्शन घेऊन घरीं येतो. महाराष्ट्रांत वर्ग तीन व चारच्या भरतींत माजी सैनिकांसाठीं 15 टक्के जागा राखलेल्या आहेत. त्यांतून पुष्कळजण पोलिसांत शिरतात. त्यांचें लष्करी पेन्शन चालूच राहतें. केंद्राच्या नोकरींत तर, 55 वर्षांपूर्वीं निवृत्त झालेल्या व अधिकारी नसलेल्या सैनिकाचें सर्व पेन्शन पगार ठरवितांना सोडून दिलें जातें; अधिकाऱ्यांच्या बाबतींत 2016 पासून पहिले 15,000 रुपये सोडतात. तरुणपणीं सक्तीनें आलेली निवृत्ति आणि 58 व्या वर्षीं आलेली निवृत्ति यांत नियमानें केलेला हा भेद योग्यच म्हटला पाहिजे.

राज्याच्या निवृत्त पोलिसास 1982 चे महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम लागू आहेत. कंत्राटी नेमणूक ही ठराविक मुदतीची व ठराविक मानधनाची असते. तिच्यामुळें पेन्शनचा आंकडा वाढत नाहीं. मात्र जोखीम वाढते. याच नियमांप्रमाणें पेन्शनला पुढील सद्वर्तनाची अट जोडलेली आहे, आणि गंभीर गुन्हा वा गैरवर्तन शाबीत झाल्यास सरकार तें रोखूं शकतें. पोलिसाच्या कामांत तक्रारी व चौकशा नेहमींच्याच. तेव्हां वर्षभराच्या मानधनासाठीं आयुष्यभराची मिळकत पणास लागूं नये, ही काळजी घेतलीच पाहिजे.

म्हणून होकार देण्यापूर्वीं 3 गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: नेमणूक पुनर्नियुक्तीची कीं कंत्राटी, पगारांतून पेन्शन वजा होणार असल्यास किती, आणि महागाईची वाढ चालूं राहणार कीं नाहीं. उत्तरें हातीं आल्यावर घरच्या माणसांसमक्ष बेरीज-वजाबाकी कागदावर मांडावी, व मगच पुन्हां गणवेश चढवावा.