मावळलेली भीती परत का येते?

मुलाची एखादी भीती प्रयत्नाने घालवावी आणि काही महिन्यांनी ती पुन्हा दिसावी, असा अनुभव शिक्षकांस अनेकदा येतो. अशा वेळी मूल हट्टी ठरते. वस्तुतः दोष हट्टाचा नसतो.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी विशिष्ट ध्वनीपाठोपाठ कुत्र्यास अन्न देण्याचा क्रम ठेवला, तेव्हा नुसत्या ध्वनीनेही त्यास लाळ सुटू लागली. पुढे अन्नावाचून तोच ध्वनी वारंवार ऐकविल्यावर लाळ थांबली. यास ‘विलोपन’ म्हणतात. परंतु मध्ये काही काळ जाऊ देऊन ध्वनी ऐकविताच लाळ पुन्हा आली. म्हणजे जुनी शिकवण पुसली गेली नव्हती; नव्या शिकवणीने ती दाबली गेली होती.

भीती दाबून धरण्याच्या कामी मेंदूच्या पुढील भागाचा मोठा वाटा असतो. उंदरांना अनेक दिवस रोज काही वेळ जखडून ठेवले असता या भागातील पेशींच्या शाखा आखूड होतात, आणि विलोपित झालेली भीती अधिक सहज परतते, असे प्रयोगांत आढळले आहे. दीर्घ ताण जुन्या शिकवणीपेक्षा नवीस अधिक दुर्बळ करतो.

न्यूयॉर्क येथे मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेला वृत्तांत या दृष्टीने बोधप्रद आहे. सुमारे तीन वर्षांचा पीटर सशास भीत असे. निर्भय मुलांच्या संगतीत ती भीती बरीच ओसरली. नंतर लोहितांग ज्वरामुळे तो रुग्णालयात राहिला. तेथून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर धावून आला. भीती पूर्ववत झाली. तेव्हा पीटर आवडीचे पदार्थ खात असता, खाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्याच बेताने पिंजऱ्यातील ससा हळूहळू जवळ आणण्यात आला. अखेर तो सशास कुरवाळू लागला.

फळ्यापुढे बोलू लागलेले मूल दुष्काळात, घरच्या आजारपणात किंवा आईबाप ऊसतोडीस गेले असता पुन्हा मुके होऊ शकते. छडी तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्धच आहे. पण उपहासानेही ताणच वाढतो. प्रथम घरची विचारपूस करावी. मग एक पायरी मागे येऊन आरंभ करावा: आधी जागेवर बसून एक वाक्य, नंतर सोबत्यासह, शेवटी एकट्याने. हाच सराव वर्गात, अंगणात व दुसऱ्या शिक्षकांसमोरही घ्यावा. कारण एकाच ठिकाणी मिळालेला धीर दुसरीकडे टिकतोच असे नाही. पूर्वीचे श्रम वाया गेले, असे मात्र शिक्षकाने मानू नये.