प्रकाशाचा सांधेवाला

काही वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयात बोलताना मी ठोकून दिलं होतं, “चिपवरची माहिती तारेऐवजी प्रकाशाने नेली की वाहतूक जवळजवळ फुकट.” समोर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका बसले होते. ते म्हणाले, “गाडी फुकट धावेल हो, पण सांधे कोण बदलणार?” त्या प्रश्नाने मला पुन्हा अभ्यासाला बसवलं.

आजच्या चिपवर अनेक गाभे असतात आणि त्यांची आपसांत अखंड देवाणघेवाण चालते. तांब्याच्या बारीक तारांतून ती करताना वीज खर्च होते, चिप तापते. त्याऐवजी सुमारे ४५० नॅनोमीटर रुंदीच्या सिलिकॉनच्या पट्टीतून अवरक्त प्रकाश नेता येतो. एकाच पट्टीतून अनेक तरंगलांबींचे निरोप एकमेकांत न मिसळता जातात, हा आणखी एक फायदा.

सांधा म्हणजे दोन पट्ट्यांच्या छेदापाशी ठेवलेलं, केसाच्या जाडीहूनही लहान असं सिलिकॉनचं कडं. ज्या तरंगलांबीच्या लाटा कड्याच्या परिघात पूर्णांकात बसतात, तो प्रकाश कड्यात शिरून दुसऱ्या पट्टीवर वळतो; बाकीचा सरळ जातो. कडं किंचित तापवलं की सिलिकॉनचा अपवर्तनांक बदलतो, हिशेब मोडतो आणि वळणारा प्रकाशही सरळ निघून जातो. झाला सांधा बदलून! २००८ मध्ये कॉर्नेल आणि कोलंबिया विद्यापीठांतल्या संशोधकांनी अशा कड्यांचा, चार दिशांना जोडणारा मार्गक करून दाखवला.

मग अडचण कुठे? पहिली अडचण म्हणजे प्रकाशाला थांबता येत नाही. विजेचा निरोप चौकात क्षणभर साठवून ठेवता येतो. प्रकाशाला असं साइडिंग नाही. म्हणून शाचम, बर्गमन आणि कार्लोनी यांनी २००८ मध्ये मांडलेल्या आराखड्यात विजेचा छोटा संदेश पुढे जाऊन सगळे सांधे लावतो आणि मगच प्रकाश सुटतो. निरोप मोठा असेल तर हे परवडतं. चिमुकला असेल तर प्रवासापेक्षा तयारीलाच जास्त वेळ जातो.

दुसरी अडचण उष्णतेची. तापमान एका अंशाने वाढलं की कड्याची तरंगलांबी साधारण ०.०८ नॅनोमीटरने सरकते. शेजारचा गाभा कामाला लागून काही अंशांनी तापला, तरी प्रकाश वळण चुकू शकतो. म्हणून प्रत्येक कड्याजवळ सूक्ष्म हीटर ठेवून त्याला सुरात ठेवावं लागतं. एकही निरोप जात नसला तरी ही वीज जळतच राहते.

तेव्हा माझं ते विधान मी मागे घेतो. प्रकाशामुळे वाहतूक स्वस्त होते हे खरंच. पण तो हिशेब धावत्या गाडीपुरता. रिकाम्या रुळांवर रात्रभर जागणाऱ्या सांधेवाल्याचा पगारही त्यात धरायला हवा. काकांना हे पहिल्याच प्रश्नात दिसलं होतं. मला मात्र त्यासाठी पुन्हा अभ्यास करावा लागला.