कृतज्ञतेचे मोजमाप

मनुष्याची उंची मोजता येते, वजन करता येते, अंगात ताप किती आहे हे पारा सांगतो. परंतु त्याच्या ठिकाणी कृतज्ञता किती आहे हे कोणी मोजू लागला, तर आपण त्याला काय म्हणू? हा उद्योग गेल्या काही वर्षांत देशोदेशी चालला आहे, आणि तो विशेषेकरून महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांवर चालला आहे; कारण संशोधन करणारे प्राध्यापक जेथे असतात, तेथे विद्यार्थी आयतेच सापडतात! मी स्वतः शालान्त परीक्षेपलीकडे न शिकलेला, निवृत्त मास्तर. या विषयाशी माझा संबंध आला तो माझ्या नातीमुळे. ती येथेच, छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, मानसशास्त्र घेऊन महाविद्यालयात शिकते. एके दिवशी एक इंग्रजी कागद माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "आजोबा, एवढी सहा वाक्ये मला नीट मराठीत करून द्या." सहा वाक्ये ती काय, असे म्हणून मी चष्मा लावला; आणि पुरते आठ दिवस त्या सहा वाक्यांनी माझा पिच्छा सोडला नाही.

ही प्रश्नावली २००२ साली मॅकुलो, एमन्स आणि त्सांग या अमेरिकेतील तिघा मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक वाक्यापुढे एक ते सात आकडे असतात. वाक्य मुळीच पटले नाही तर एक, पूर्णपणे पटले तर सात. दोन वाक्ये मुद्दाम उलट्या अर्थाची घातलेली असून त्यांचे गुण उलटे धरावयाचे. म्हणजे बेरीज सहापेक्षा कमी नाही आणि बेचाळिसांपेक्षा अधिक नाही. कृतज्ञता किती उत्कट आहे, किती वेळा मनात येते, किती गोष्टींविषयी आहे आणि एकाच लाभाबद्दल किती जणांविषयी वाटते, अशी चार अंगे कर्त्यांनी ध्यानात घेतली आहेत. हे सर्व कशासाठी, असे आपण विचाराल. यांपैकी एमन्स व मॅकुलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांकडून दर आठवड्यास, ज्यांबद्दल कृतज्ञ असावे अशा पाचपर्यंत गोष्टी लिहवून घेतल्या. तशा लिहिणाऱ्यांना आपले आयुष्य, गाऱ्हाणी लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक बरे वाटले. तेव्हा या गुणाचा मनाच्या स्वास्थ्याशी काही संबंध असावा, आणि तो पाहावयाचा तर मोजमाप हवेच. येथवर माझे काही म्हणणे नाही.

भाषांतर करता करता नातीने माझीच परीक्षा घेतली. बेरीज झाली सत्तावीस. तिची स्वतःची छत्तीस होती. "आजोबा, तुम्ही फारसे कृतज्ञ नाही," असा निकाल तिने दिला, आणि वर विचारले, "आजीचे आभार तुम्ही कधी मानले आहेत का?" स्वयंपाकघरातून जो हशा ऐकू आला त्याचे वर्णन मी करीत नाही. परंतु प्रश्न मनात राहिला. पंचेचाळीस वर्षे जिने मला वाढले, तिला मी एकदाही 'आभारी आहे' म्हटलेले नाही, ही गोष्ट खरी. आणि उद्या म्हटले, तर ती काळजीने माझ्या कपाळाला हात लावून पाहील, हीही खरी.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अध्यापन केलेले महादेव आपटे यांनी १९७४ साली नेमक्या याच गोष्टीवर एक निबंध लिहिला. मराठी व हिंदी बोलणाऱ्यांची रीत त्यांनी अमेरिकनांच्या रीतीशी ताडून पाहिली. आपल्याकडे घरच्या माणसांत आणि दुकानातील देवघेवीत शब्दाने आभार मानण्याची चाल नाही. 'आभार', 'धन्यवाद' हे शब्द सभासमारंभाचे, हे त्यांनी दाखवून दिले. शब्दाकडेच पाहा ना! 'आभार' या शब्दात 'भार' आहे. तो परक्याचा घ्यावा, घरच्याचा कसला? 'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा. जाणणारा, बोलून दाखविणारा नव्हे. माझ्या धाकट्या पिढीने 'थँक्यू' उचलले आहे, ते रिक्षावाल्यालाही म्हणतात, आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही; पण आईने ताट वाढल्यावर तोच शब्द ऐकला की मला अजून परका वाटतो.

हा केवळ आपलाच विशेष, असे मात्र समजू नये. २०१८ साली काही भाषाशास्त्रज्ञांनी पाच खंडांतील आठ भाषांचे घरगुती संभाषण तपासले. मागितलेली वस्तू वा मदत मिळाल्यावर शब्दाने आभार मानले गेले ते सुमारे वीस वेळांतून एकदा. इंग्रजी व इटालियन भाषांत हे प्रमाण थोडे अधिक निघाले, आणि एक्वाडोरमधील चापाला भाषेत तर एकदाही नाही. तरी सर्वत्र माणसे एकमेकांना मीठ देत होती, हात देत होती.

आता ते सहावे वाक्य. एखाद्या गोष्टीविषयी वा व्यक्तीविषयी कृतज्ञता वाटल्यावाचून माझा बराच काळ जातो, अशा आशयाचे ते आहे, आणि ते पटले तर गुण कमी. येथे माझी लेखणी अडली. या वाक्यामागे अशी समजूत आहे की, कृतज्ञता ही लाटेसारखी येते आणि जाते. आमच्याकडे ती येत-जात नाही. ऋण म्हणून बसलेली असते. ज्याच्यावर ऋण आहे त्याला ते दर मंगळवारी 'वाटत' नाही, आणि न वाटल्याने फिटतही नाही. मी या वाक्यापुढे सात लिहून प्रामाणिकपणे गुण घालविले होते! पुढे नातीने सांगितले की, तैवानातील विद्यार्थ्यांवर ही प्रश्नावली तपासली तेव्हा हेच वाक्य इतर पाचांशी जुळेना, आणि २००९ साली तेथील संशोधकांनी ते गाळून पाचांचीच प्रश्नावली अधिक योग्य ठरविली. हे ऐकून मला, खोटे कशाला सांगू, फार बरे वाटले.

निरनिराळ्या देशांच्या बेरजा शेजारी मांडण्यात जो धोका आहे तो या शहरातील जुन्या माणसांना चटकन समजेल. निजामाच्या राज्यात 'हाली' रुपया चाले, इंग्रजी हद्दीत 'कलदार'. सहा कलदारांना सुमारे सात हाली मोजावे लागत. माझे वडील सांगत की, मनमाडला जाणारा मनुष्य खिशातील रुपये किती हे पाहण्याआधी ते कोणते हे पाही. कृतज्ञतेचे आकडेही तसेच आहेत. एका देशातील विद्यार्थी बेधडक सात लिहितो, दुसऱ्या देशातील विद्यार्थी विनयाने मधला आकडा धरतो. तेव्हा दोन्हीकडे सर्व वाक्ये एकाच रीतीने वागतात की नाही हे आधी गणिताने तपासावे लागते, आणि भाषांतर झाल्यावर दुसऱ्याकडून ते पुन्हा इंग्रजीत करवून मुळाशी ताडावे लागते. जाणते संशोधक हे करतात. न करता जे तुलना करतात, ते हालीत कलदार मिसळतात.

ऋणाविषयी मात्र त्या संशोधकांचे एक म्हणणे मला पटले. वॉटकिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली दाखविले की, देणारा परतफेडीची अपेक्षा जो जो अधिक दाखवितो, तो तो घेणाऱ्याच्या मनातील कृतज्ञता घटते आणि दडपण वाढते. आपल्या भाषेला हा भेद ठाऊक आहे. ऋणात राहणे वेगळे आणि मिंधे होणे वेगळे.

एक आठवण सांगतो. पैठण तालुक्यातील एका गावी मी असताना एका मुलाची परीक्षेची फी मी भरली होती. तो 'आभार' हा शब्द बोलला नाही. मान खाली घालून निघून गेला. त्या वेळी मला थोडे लागलेही. आज तो स्वतः शिक्षक आहे. दर हिवाळ्यात टॉवेलात बांधून हुरडा घेऊन येतो, अर्धा तास बसतो, पाऊसपाण्याचे बोलतो आणि जातो. त्याच्या शाळेतील दोन मुलांची फी तो भरतो, हे मला त्याने नव्हे, दुसऱ्याच कोणी सांगितले. १९३८ साली फ्रान्झिस्का बाउमगार्टेन-ट्रामर या विदुषींनी स्वित्झर्लंडमध्ये सातशे नव्हे, हजारावर मुलांना विचारले होते, की तुमची सर्वांत मोठी इच्छा कोणी पुरी केली तर तुम्ही त्याच्यासाठी काय कराल? कोणी लिहिले, धन्यवाद देईन. कोणी, आपली आवडती वस्तू देईन. कोणी, त्याला गरज पडेल तेव्हा उभा राहीन. सहा वाक्यांच्या कागदापेक्षा हा प्रश्न माझ्या त्या विद्यार्थ्याला अधिक न्याय देता.

आणखी एक गोष्ट. 'निरनिराळ्या पुष्कळ माणसांविषयी मला कृतज्ञता वाटते' अशा अर्थाचे चौथे वाक्य आहे. आपल्या शहरातील नागसेनवनात, जेथे १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाविद्यालय काढले, एखाद्या खेड्यातून आलेला मुलगा बसला आहे असे समजा. गावात त्याच्या वाडवडिलांकडून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उपकाराची भाषा वदवून घेतली, त्या 'पुष्कळ माणसां'पुढे त्याने कमी आकडा लिहिला, तर तो कृतघ्न काय? १४ जानेवारीला, १९९४ साली विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या दिवशी, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी दरवर्षी जी माणसे येऊन मस्तक टेकवितात, त्यांची कृतज्ञता विस्ताराने मोजली तर थोडी भरेल. खोलीने मोजावी तर सात हा आकडा अपुरा पडेल. त्या मुलाच्या कागदावर लहान बेरीज पाहून कोणी अधिकारी मनुष्य त्याच्याविषयी मत बनवील, ही मला खरी भीती वाटते. कारण असे कागद आज शिक्षणसंस्थांतून सहज वाटले जातात.

नातीला मी हे सर्व सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "आजोबा, मग कागदाच्या पाठीवर एक कोरी जागा ठेवू या. तुमच्यावर कोणाचे ऋण आहे आणि त्यासाठी तुम्ही काय करता, एवढे लिहायला." त्याचे गुण कसे द्यावयाचे, यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही. सहावे वाक्य तिसऱ्यांदा खोडून तूर्त पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.