पाठच्या भावाबरोबर पहिली पायी वारी

चऱ्होलीकरांना आळंदी लांब नाही. माउलींची पालखी पुण्याकडे निघाली की पहिला विसावा आपल्याच शिवारात, वडमुखवाडीच्या थोरल्या पादुकांपाशी होतो. त्यामुळे "मी वारी केली" म्हणणारे आपल्याकडे घरोघरी भेटतात. पण खरे सांगा, त्यांतल्या किती जणांची वारी पुण्यातच संपते?

यंदा तुम्ही आणि तुमचा पाठचा भाऊ पंढरपूरपर्यंत चालायचे म्हणता. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची, दिवस जवळजवळ तीन आठवडे. बेत चांगला आहे. मात्र निघण्यापूर्वी दोघांनी ओट्यावर बसून चार गोष्टी ठरवा.

आधी घरचे

प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. एकाने वारीला जायचे आणि दुसऱ्याने शेत पाहायचे, ही अनेक घरांची जुनी रीत आहे. दोघेही निघणार असाल तर शेजाऱ्याशी सावड आधीच बोलून ठेवा. बी-खत घरात आणून ठेवा. धारा कोण काढणार, हे घरातल्या बायकांना विचारून ठरवा. त्यांच्यावर नुसते लादू नका. मन घरी अडकले की पाय पुढे पडत नाही.

पायांची तयारी

महिनाभर आधी रोज पहाटे आळंदीपर्यंत चालत जाऊन या. नवी चप्पल वारीत काढू नका. वापरून मऊ झालेलीच घाला. दिंडीत नाव नोंदवून भिशी भरली की जेवणाची सोय होते आणि वळकटी ट्रकमध्ये जाते. खांद्यावर पाणी, पावसाचे कागद आणि एक कोरडा पंचा एवढेच घ्या. फोड आला तर कातडी ओढून काढू नका; धुऊन स्वच्छ फडके बांधा. साखरेचा आजार असेल तर रोज रात्री तळवे पाहा, कारण जखम झालेली कळत नाही.

खरी परीक्षा दिवे घाटात

पहिला दिवस उत्साहात जातो. पुण्याला दोन रात्री मुक्काम असतो, आणि तेथेच मन डळमळते. पाय आखडलेले असतात, घर जवळ असते, बसही समोर उभी असते. ती सकाळ निभावली की पुढे सासवडचा टप्पा. तीस-बत्तीस किलोमीटरची चाल, बहुधा एकादशीचा उपवास, आणि शेवटी दिवे घाटाचा चढ. केळी आणि शेंगदाणे जवळ ठेवा.

भावाभावांची कुरबूर होते ती येथेच. एक झपाझप पुढे जातो, दुसरा मागे राहून मनात कुढतो. यावर उपाय एकच: ज्याची चाल मंद त्याला पुढे ठेवा आणि दुसऱ्याने त्याच्या मागून चालावे. घाटात माउलींच्या रथालाही जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात. मग आपण मदत घेतली तर कमीपणा कसला? गर्दीत चुकामूक झालीच तर दिंडीचा क्रमांक आणि मुक्कामाची जागा दोघांनाही पाठ असू द्या.

भावंडांची गोष्ट

सासवडला सोपानकाकांची समाधी आहे. माउली तेथे मुक्कामी असतानाच धाकट्या भावाची पालखी पंढरीला निघते. पण ती वेगळ्या वाटेने, बारामतीकडून जाते. माउली जेजुरी, लोणंद, फलटणवरून जातात. पुढे पंढरपूर जवळ आले की तोंडले-बोंडल्याच्या पुढे टप्प्यावर दोन्ही पालख्यांची बंधुभेट होते. मानकरी एकमेकांना श्रीफळ देतात, आणि पाहणाऱ्यांचे डोळे भरून येतात.

यातून घेण्यासारखे आहे ते असे. तुमच्यापैकी एकाचे पाय सासवडला थकले तर त्याला ओढत नेऊ नका आणि "अर्धा वारकरी" म्हणून हिणवूही नका. त्याला एसटीत बसवून द्या. घरी पेरणीला एक हात मिळेल. मग बंधुभेटीच्या दिवशी त्याला टप्प्यावर बोलवा, आणि तेथून पंढरपूरची वाट दोघे मिळून चाला.