नाव बदलले, क्रियापद राहिले

शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की घरोघरी एकच गोष्ट घडते. गेल्या वर्षी भाईजानने टाइप केलेला विनंती अर्ज संगणकात असतोच. तो उघडून नाव बदलायचे आणि बहिणीसाठी छापायचा. यात गैर काही नाही. पण असे अर्ज आम्हा शिक्षकांच्या हाती येतात तेव्हा वर ‘इरम’ असते आणि खाली ‘मी अकरावीत शिकतो.’ कारकून अर्ज परत करतो, आणि मुलीचा एक दिवस व अब्बांची एक मजुरी जाते.

म्हणून घरच्या मुलामुलींना चार-पाच कळा नीट शिकवाव्यात. वर्डमध्ये जुनी फाईल उघडताच एफ १२ दाबून तिला नवे नाव द्यावे, म्हणजे भावाचा अर्ज शाबूत राहतो. मग कंट्रोल आणि एफ दाबून जुने नाव शोधावे. ते कोपऱ्यात, सहीखाली, हमीपत्रात कुठेही दडलेले असते. त्यानंतर ‘तो’ शोधावा. शिकतो, राहतो, विनंती करतो, सगळे एकामागून एक समोर येतात. ‘विद्यार्थी’ शोधल्याने मात्र ‘विद्यार्थ्याला’ सापडत नाही. मराठी शब्द विभक्ती लागली की रूप बदलतो. संगणकाला व्याकरण येत नाही, ते आपल्यालाच यावे लागते.

कंट्रोल आणि एच दाबले की शब्द शोधून बदलताही येतो. तिथले ‘सगळे बदला’ हे बटण फार मोहक आहे. खान यांचा अर्ज शेजारच्या पठाणांसाठी वापरताना ते दाबले, तर खानदेशाचा पठाणदेश होतो! एकेक जागा पाहूनच बदल करावा. तरी गडबड झालीच, तर कंट्रोल आणि झेड. केलेला बदल मागे जातो.

कापणे आणि चिकटवणे हे शब्द खऱ्या कात्री-डिंकातूनच आले. उर्दू अखबारांचे कातिबही चुकलेल्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवत. लॅरी टेस्लर यांनी १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात हेच काम पडद्यावर आणले. आता एक्सने कापा, सीने नक्कल घ्या, व्हीने चिकटवा; प्रत्येक वेळी कंट्रोल सोबत धरून.

निकाहाच्या दावतनाम्यात मराठीखाली उर्दू मजकूर घालताना आणखी एक अडचण येते. ओळ डावीकडून सुरू होते आणि पूर्णविराम भलत्याच टोकाला जातो. संगणकात उर्दू भाषा घेतलेली असेल, तर त्या परिच्छेदात कंट्रोल आणि उजवीकडची शिफ्ट दाबावी. ओळ उजवीकडून धावू लागते. आणि शोधूनही एखादे नाव मिळत नसेल, तर त्यातला काफ पाहावा. अरबी कळफलकाचा काफ आणि उर्दूचा काफ आपल्याला सारखाच वाटतो, पण संगणकाच्या हिशेबी ती दोन निरनिराळी अक्षरे आहेत. ‘ये’चेही तसेच.