ओल्या कचऱ्याची वीज आणि धुराचा हिशेब

फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी तेव्हाच्या औरंगाबाद महापालिकेच्या कचरागाड्या अडवल्या. तीन दशकांहून अधिक काळ शहराची घाण सोसल्यावर त्यांचा संयम संपला होता. पाठोपाठ उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही नारेगावात कचरा टाकण्यास मनाई केली. पर्यायी जागेच्या शोधातून ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला. रोज सुमारे साडेचारशे टन कचरा निर्माण करणाऱ्या शहरात चौकाचौकांत ढीग साचले आणि ते जागोजागी पेटूही लागले. ‘जाळायचाच आहे, तर त्यापासून वीज का करू नये?’ हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरात अधूनमधून पुन्हा डोके वर काढतो.

प्रश्न रास्त आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मोशी येथील प्रकल्पाचे उद्घाटन ऑगस्ट २०२३ मध्ये झाले. रोज ७०० टन कचऱ्यापासून १४ मेगावॉट वीज, अशी त्याची क्षमता आहे. युरोपातील अनेक शहरांत असे प्रकल्प वर्षानुवर्षे चालू आहेत. कोपनहेगनमध्ये तर अशा प्रकल्पाच्या छतावर लोक स्कीइंग करतात. मात्र तेथील थंडीत भट्टीतील उरलेली उष्णता घरे उबदार ठेवण्यासाठी विकली जाते. मराठवाड्याच्या उन्हात या उष्णतेला गिऱ्हाईक कोण?

खरी अडचण पाण्याची आहे. आपल्या कचऱ्यात भाजीपाल्याची देठे, फळांच्या साली आणि खरकटे यांचा वाटा मोठा. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे सहाशे किलोकॅलरी उष्णता लागते. कचऱ्यात निम्मे पाणी असेल, तर किलोमागे तीनशे किलोकॅलरी ते वाळवण्यातच खर्ची पडतात. त्यात रस्ते झाडताना आलेली माती, जी जळतच नाही. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या साहाय्याने रोज ३०० टन कचरा जाळणारा प्रकल्प उभा राहिला. त्याला किलोमागे साधारण साडेचौदाशे किलोकॅलरी उष्मांकाचा कचरा हवा होता. मिळाला त्याच्या निम्म्याहून कमी. अवघ्या तीन आठवड्यांत तो बंद पडला. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांनी किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्मांकाचा, पुनर्वापर न होणारा कचराच ऊर्जेसाठी वापरावा, असे सांगितले.

ओला कचरा केवळ वीज कमी करत नाही, धूरही बिघडवतो. भट्टीचे तापमान घसरले की ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड, काजळी व डायॉक्सिन वाढतात. डायॉक्सिन हा सर्वांत चिवट शत्रू. कचऱ्यातील क्लोरीन, म्हणजे पीव्हीसीसारखे प्लॅस्टिक किंवा अगदी खरकट्यातील मीठसुद्धा, त्याला खाद्य पुरवते. साडेआठशे अंशांच्या वर दोन सेकंद टिकलेल्या वायूत डायॉक्सिन मोडून पडते. पण धुराडय़ाकडे जाताना वायू थंड होऊ लागला, की साधारण २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात उडत्या राखेच्या कणांवर ते पुन्हा तयार होते. म्हणून हा टप्पा झपाट्याने ओलांडावा लागतो. मग चुन्याने आम्लवायू शोषायचे, सक्रिय कोळशाच्या भुकटीने पारा व डायॉक्सिन धरायचे आणि शेवटी कापडी पिशव्यांच्या गाळणीत धूळ अडवायची, असा हा क्रम असतो.

२००० च्या नियमांत कचराभट्टीसाठी डायॉक्सिनची मर्यादाच नव्हती. २०१६ मध्ये ती घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅम ठरली. मर्यादा कडक आहे, पण धूळ किंवा कार्बन मोनॉक्साइडप्रमाणे डायॉक्सिन क्षणोक्षणी पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी तासन्‌तास नमुना गोळा करून तो विशेष प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. त्यामुळे दोन चाचण्यांच्या मधल्या काळात भट्टी कशी चालली, हे तापमानाच्या अखंड नोंदींवरूनच ताडता येते. त्या नोंदी नागरिकांसमोर खुल्या असायला हव्यात. उघड्यावर पेटवलेल्या ढिगाला यातले काहीच नसते: ना तापमान, ना चुना, ना गाळणी. धुमसणारा ढीग हा सर्वांत वाईट ‘प्रकल्प’ होय.

२०१८ च्या कोंडीनंतर शहराने चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी येथे विकेंद्रित प्रक्रिया केंद्रांचा मार्ग धरला. त्यांपैकी कांचनवाडीचा प्रकल्प रोज ३० टन ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करण्यासाठी आहे. माझ्या मते दिशा हीच योग्य. ज्या पाण्यामुळे भट्टी विझते, तेच जिवाणूंना लागते. विजेचा हिशेबही जाळण्याच्या बाजूने नाही: केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये कचरा जाळून केलेल्या विजेला युनिटमागे ७ रुपये ४ पैसे दर ठरवला, तर त्यानंतर मोठ्या सौर प्रकल्पांची वीज तीन रुपयांच्या आत आली.

वेगळा केलेला, पुनर्वापर न होणारा सुका कचरा सिमेंटच्या भट्टीतही जाऊ शकतो. तेथे १४०० अंशांहून अधिक तापमान असते आणि चुनखडी आम्लवायू शोषते. अर्थात तो वाहून नेण्याचा खर्च येतोच. तरीही उद्या शहरात कचराभट्टीचा प्रस्ताव आलाच, तर मेगावॉटच्या आधी राखेविषयी विचारावे. गाळणीत अडकलेल्या राखेत शिसे, कॅडमियम आणि डायॉक्सिन एकवटलेले असतात. ती घातक कचऱ्यासाठीच्या अस्तर घातलेल्या खड्ड्यातच पुरावी लागते. तो खड्डा कोणत्या गावाच्या शिवारात असेल, याचे उत्तर निविदा निघण्यापूर्वी मिळायला हवे.